घोडीचा मागचा पाय अडकायचा, त्यावरचा इलाज

ठाणावरून काढताना मागचा डावा पाय ताठ राहायचा, खुराचं टोक जमिनीवर घासायचं, मग ‘खट्’ करून सुटायचा. मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी अडकण्याची ही खूण. मांडीचे स्नायू कमजोर असले की वाटीचा आतला बंध (लिगामेंट) मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर अडकतो. म्हणूनच बांधून आराम दिला तर दुखणं वाढतं. दुसरं काही नाही ना, हे आधी पशुवैद्याकडून बघून घेतलं.

अडकला की घोडी हळूच मागे सरकवायची, बहुतेक वेळा सुटतो. रोज सरळ रस्त्यावर चाल, अंगात ताकद आल्यावर हलक्या चढावर दुडकी, मधेमधे 15 सेंमी उंचीवर ठेवलेले बांबू ओलांडणं. लहान रिंगणात फिरवणं पूर्ण बंद. नालबंदाकडून खुराचं टोक आखूड करून घेतलं. फरक पडायला काही महिने जातात. बंध कापायची शस्त्रक्रिया त्यानंतरच विचारात घ्यावी.