चिवडा सादळतो त्या देशात: व्हिएतनामला जाताना या चुका टाळा

परभणीत मे महिन्यात पारा ४३ वर गेला तरी भरदुपारी लग्नाच्या पंगती बसतात. त्यामुळं व्हिएतनामला जायचं ठरलं आणि कुणीतरी म्हणालं, "तिकडं लई उकडतं म्हणे," तेव्हा दाजी मोबाईलवर तापमान बघून हसलेच. "३३? एवढं तर आपल्याकडं फेब्रुवारी संपायच्या आत होतंय. ऊन काय आपल्याला नवं हाय का?"

हो ची मिन्ह सिटीत दुसऱ्याच दिवशी सकाळी अकराला हेच दाजी शटर लावलेल्या एका दुकानाच्या पायरीवर बसले ते उठेचनात. चेहरा पांढराफटक, सदरा अंगाला चिकटलेला, पोटऱ्यांत गोळे. बरं, पाणी पीत नव्हते असंही नाही. सकाळपासून दोन बाटल्या संपवल्या होत्या. भाच्यानं औषधाच्या दुकानातून ओआरएस आणलं, ते घोट घोट पाजलं, तेव्हा अर्ध्या तासानं माणूस बोलायला लागला.

आम्ही अकरा जण होतो, त्यामुळं सगळ्या चुकांचं खापर दाजींवर फोडत नाही. हल्ली लातूर, नांदेड, संभाजीनगरचे नातेवाईक निघायच्या आधी फोन करतात आणि मी दर वेळी तेच सांगत बसते. म्हणून एकदाचं लिहून टाकतेय.

"ऊन आम्हाला नवं नाही"

आपला कूलर आठवा. ओल्या ताटीतून कोरडी हवा जाते, पाण्याची वाफ होते आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते. तोच कूलर श्रावणात लावला तर खोलीत नुसता चिकचिकाट होतो, कारण हवेतच ओल भरलेली असते. घामाचंही तसंच आहे. परभणीच्या उन्हात घाम दिसतसुद्धा नाही, आल्या आल्या उडून जातो आणि अंग गार ठेवतो. सायगावात (हो ची मिन्ह सिटीचं हे जुनं नाव, ऐकायला आपल्याच तालुक्यातलं वाटतं) घाम गळतो, पण उडत नाही. अंग गार होत नाही, म्हणून शरीर आणखी घाम काढतं आणि त्याबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी ढोसून ते मीठ भरून निघत नाही. दाजींचं नेमकं हेच झालं होतं.

तेव्हा ओआरएसची पाकिटं इथूनच न्या आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घाला, अंदाजपंचे नको. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. पहिले तीन दिवस अकरा ते तीन बाहेर पडू नका. तिथले लोकही पहाटे पाचला बागेत व्यायामाला हजर असतात आणि दुपारी दुकानातच आडवे होतात. ते आळशी नाहीत, त्यांना हवा माहीत आहे.

जीन्स घरी ठेवा. आमच्या पोरांनी दोन-दोन नेल्या. एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही, तशीच घातली की जांघा सोलवटतात आणि आठवड्यात नायटा धरतो. पातळ, सैल कपडे आणि रोज बदलायला आतले कपडे घ्या, पायाची बोटं कोरडी ठेवा. नायटा झालाच तर दुकानदारानं पुढं केलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग दुप्पट पसरतं.

आणि हो, चिवडा. वहिनींनी दोन किलो दिवाळीचा चिवडा नेला होता. हॉटेलात पहिल्या रात्री डबा उघडा राहिला आणि सकाळी पोहे चामड्यासारखे झालेले. शेव सादळली, पापड तर कापडासारखे दुमडायला लागले. टिकली ती शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी, तीही छोट्या छोट्या हवाबंद पाकिटांत होती म्हणून. एका वेळेला संपेल एवढंच एका पाकिटात भरा.

एकाच देशात तीन पावसाळे

सगळ्यात महाग पडलेली चूक ही. आपली मोठी सुट्टी दिवाळीची आणि आपल्या डोक्यात पावसाळा दसऱ्याला संपलेला असतो. पण व्हिएतनाम उत्तर-दक्षिण साधारण १६५० किलोमीटर लांब आहे. दक्षिणेत पाऊस मे ते ऑक्टोबर, हे आपल्यासारखंच. मधल्या पट्ट्यात, म्हणजे दा नांग, होई आन, हुए या भागात, खरा पाऊस सुरू होतो तोच सप्टेंबरअखेर, आणि जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तामिळनाडूला भिजवणारे ईशान्येचे वारे असतात ना, तशीच भानगड. समुद्रावरून येतात आणि मागच्या डोंगराला अडतात.

होई आनमध्ये आमच्या दुसऱ्या दिवशी थू बॉन नदी रस्त्यावर आली. हॉटेलची पोरं एक शब्द न बोलता खालचा सोफा वर नेत होती, जणू रोजचंच काम. एका जुन्या घराच्या भिंतीवर वर्षावर्षाच्या पुराच्या रेघा मारलेल्या पाहिल्या, त्यातल्या काही माझ्या डोक्याच्या वर होत्या. दोन दिवस अडकलो आणि पुढच्या हॉटेलचं आगाऊ भाडं बुडालं. तरी आम्ही नशिबवान. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर त्याच पट्ट्यात २४ तासांत एका ठिकाणी १७०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. मराठवाड्याची जून ते सप्टेंबरची सरासरी साधारण ६८० मिलिमीटर. म्हणजे आपले अडीच पावसाळे एका दिवसात. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपणही शेतं वाहून जाताना पाहिली होती, तेव्हा हा आकडा नुसता वाचून सोडून देता येत नाही.

दिवाळीतच जायचं असेल तर मधला पट्टा सोडा आणि हनोईकडं जा. तिकडं तेव्हा हवा छान असते. मे महिन्याच्या सुट्टीत उलटं करा. दा नांग, होई आन तेव्हा कोरडं असतं, गरम असलं तरी समुद्र निवळ. डिसेंबर-जानेवारीत हनोईला जाणाऱ्यांनी स्वेटर घ्यावा, 'उष्ण देश' या शब्दावर जाऊ नका. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत त्यांचा तेत, म्हणजे चांद्र नववर्ष. आपल्या लक्ष्मीपूजनाला बाजार फुलतो, त्यांच्या तेतला बंद होतो.

निळी नोट, निळी नोट

एका रुपयाला साधारण ३०० डोंग मिळतात. विमानतळावर पैसे बदलले आणि आमचे सगळे लखपती झाले. "दाजी, पैसे मोजायलेत का फोन नंबर?" असं भाचा विचारत होता. हिशोब सोपा आहे. शेवटची तीन शून्यं बोटानं झाका आणि उरलेल्याला साडेतीननं गुणा, रुपये आले, थोडे जास्तच. दुकानदार ५०,००० ला नुसतं 'पन्नास' म्हणतात, ते पन्नास हजारच.

खरा घोळ नोटांचा. २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० ची पण निळी. दोन्हींवर हो ची मिन्ह. नोटा प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत, घामट हातात एकमेकींना चिकटतात. आत्यानं संध्याकाळच्या अंधारात शहाळंवालीला २०,००० समजून पाच लाखांची नोट दिली. रात्री खोलीवर पैसे मोजताना कळलं, सतराशे रुपयांचं शहाळं झालं होतं. त्यानंतर आत्यानं युक्ती काढली. पाच लाखांच्या नोटा पोलक्याच्या खिशात, बाकीच्या बटव्यात. प्रत्येकानं असे दोन कप्पे करावेत आणि नोट देताना शून्यं मोजावीत, रंग बघू नये.

एटीएम किंवा कार्डाचं यंत्र "रुपयांत घेऊ का डोंगमध्ये" असं विचारतं. आपल्याला वाटतं, रुपये बरे. पण तो भाव त्यांनी ठरवलेला असतो आणि आपल्याला महाग पडतो. डोंगच निवडा.

'चाय' मागितली, जेवण आलं

ही चूक मला अजून आवडते. तिकडं शाकाहारी जेवणाला म्हणतात 'चाय'. आणि चहाला, निदान हनोईकडच्या उच्चारात, 'चा'. आमचे हे हनोईत "चाय, चाय" करत एका खानावळीत शिरले आणि समोर भात, टोफू, पालेभाजी आली. त्यांना हवा होता च्या. माझं मात्र काम झालं.

शाकाहारी माणसानं हा एक शब्द पाठ करावा, आणि 'कॉम चाय' म्हणजे शाकाहारी भात, अशी पाटी शोधावी. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. मासे आंबवून काढलेला नुओक माम नावाचा रस तिकडं आपल्या मिठासारखा पडतो. फो नावाच्या शेवयांच्या वाटीत वर फक्त भाज्या दिसल्या तरी खालचं पाणी बहुतेक वेळा हाडं उकळलेलं असतं. उच्चारात चढउतार असतात, आपला शब्द त्यांना कळेलच असं नाही, म्हणून हॉटेलच्या माणसाकडून वाक्य त्यांच्या भाषेत मोबाईलवर लिहून घ्या आणि दाखवा.

उलटही होतं. 'चाय'च्या ताटात वहिनींना चक्क मटणाचे तुकडे दिसले, त्या उठून उभ्या राहिल्या. ते सोयाबीनचं होतं. बौद्ध खानावळींत असं हुबेहूब करतात. चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला तिकडं बरेच लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी अशा खानावळी तुडुंब असतात. पौर्णिमेला उपास धरणाऱ्या आत्याला हे ऐकून एकदम माहेरी आल्यासारखं झालं.

दुधाच्या चहाचं मात्र विसरा. कॉफी घ्या, तीही कंडेन्स्ड मिल्क घातलेली. आपल्या गोड जिभेला पटकन पटते.

रस्ता ओलांडताना पळू नका

आपल्याकडं माणूस पळतो आणि गाडी हॉर्न देते. तिकडं स्कूटरचा लोंढा थांबत नाही, तो तुमच्या बाजूनं वाहतो, पण तुमची चाल सारखी असेल तरच. हळू, एका गतीनं चाला, हात जरा वर धरा, मध्येच थांबू नका, आणि मागं तर मुळीच फिरू नका. कार आणि बस मात्र वळत नाहीत, त्यांना जाऊ द्या. वाहनं उजवीकडून चालतात, तेव्हा पाऊल टाकायच्या आधी डावीकडं बघायचं. दहा दिवसांत ही सवय मला लागली नाही.

स्कूटर भाड्यानं देणारा परवाना विचारत नाही. अपघात झाला की विमा कंपनी विचारते, आणि नुसता आपला आरटीओचा परवाना तिथं चालत नाही. ॲपवरून गाडी बोलवा, भाडं आधीच दिसतं.

व्हिसातलं वडिलांचं नाव

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरच काढा. एकदा जाण्याचे २५ डॉलर, नामंजूर झाला तरी परत मिळत नाहीत. सारख्या दिसणाऱ्या खासगी साइट्स दुप्पट-तिप्पट घेतात. आपल्या पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावालाच जोडलेलं असतं. आमच्या एजंटानं ते 'मधलं नाव' म्हणून गाळलं, आणि दोघांचे अर्ज पैसे भरून पुन्हा करावे लागले. पासपोर्टच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांच्याशी अक्षर न अक्षर ताडून बघा. जन्मतारखेत दिवस-महिन्याची अदलाबदल होते, तीही बघा.

महादेवाला पाणी

होई आनपासून तासाभरावर 'मी सॉन' नावाचं ठिकाण आहे. तिथल्या जुन्या चंपा राज्याच्या चाम राजांनी साधारण ४ थ्या ते १३ व्या शतकांत बांधलेली विटांची शिवमंदिरं. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यात बरीच पडली, १९९९ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ ज्यांनी पाहिलंय त्यांना पाय निघणार नाही. अमेरिकेच्या बॉम्बचे खड्डे अजून दिसतात, त्यात गवत वाढलंय.

आत्यानं शिवलिंग पाहिलं आणि बाटलीचं झाकण उघडलं. रक्षक धावत आला. तिथं पूजा होत नाही, दगडाला हात लावायचा नाही. आत्यानं लांबूनच हात जोडले आणि बाटलीतलं पाणी बाहेर एका झाडाला घातलं. रक्षकानं त्याला हरकत घेतली नाही. सकाळी लवकर जा, नऊनंतर त्या खोऱ्यात वारा हलत नाही.

डासांचं एक राहिलं. रात्री अगरबत्ती लावून भागत नाही, डेंग्यूचा डास दिवसा चावतो. ताप आणि अंगदुखी झाली तर डेंग्यू नाही असं कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, बाकीच्या वेदनाशामक गोळ्या नकोत.

निघताना उरलेले डोंग विमानतळावरच संपवा किंवा बदला. परभणीत ते कुणी घेत नाही. आमच्याकडं ७४,००० उरले. नातू व्यापार खेळताना त्यातली २०,००० ची निळी काढतो आणि आत्याला विचारतो, "आजी, शहाळं घेतेस का?"