बेंच ड्रिलच्या अ‍ॅक्सेसरीज घेताय? या चुका टाळा, आधी पकड बघा

आमच्या ऐरोलीत, सेक्टरमधल्याच एका मुलाने मागच्या वर्षी बेंच ड्रिल (टेबलावर ठेवायचं उभं ड्रिल मशीन) घेतलं, १३ मिमी चकचं (चक म्हणजे बिट पकडणारं तोंड), अर्ध्या एचपीच्या मोटरचं, रो हाऊसच्या मागच्या जागेत ठेवायला एकदम बरोबर. सोबत क्रॉस व्हाइस (दोन दिशांना सरकणारा शिकंजा) घेतला, कीलेस चक (चावीशिवाय हाताने आवळायचा) घेतला, लेझर लाईटची अटॅचमेंट घेतली आणि क्लॅम्प मात्र एकही नाही. दुसऱ्याच आठवड्यात १६ गेजचा पत्रा हाताने धरून १० मिमीचं भोक पाडत होता, बिट खालून बाहेर पडता पडता अडकलं, पत्रा गरकन फिरला आणि अंगठ्याच्या मुळाशी चार टाके पडले. तेव्हापासून मला कोणी विचारलं की दादा मशीनसोबत काय काय घेऊ, तर मी एवढंच सांगतो की पहिला पैसा जॉब, म्हणजे ज्यात भोक पाडायचं तो तुकडा, धरणाऱ्या वस्तूंवर घाला. भोक तिरकं जाणं, बिट तुटणं, माप सरकणं, यातल्या बऱ्याचशा तक्रारी शेवटी ढिल्या पकडीवरच येऊन थांबतात.

पत्रा का फिरतो

बिटचं टोक खालून बाहेर पडलं की मधला आधार संपतो आणि कडेला जो पातळ पत्रा उरलेला असतो तो बिटच्या खाचेतून स्क्रूच्या आट्यासारखा वर चढतो. त्या क्षणी मोटरची सगळी ताकद पत्र्यात जाते, हाताने ती धरता येत नाही, कितीही घट्ट धरा. म्हणून पातळ पत्रा प्लायच्या तुकड्यावर ठेवायचा, वरून अजून एक प्लायचा तुकडा आणि दोन बाजूंना सी-क्लॅम्प, मग भोकाची कडही साफ येते. मोठं भोक असेल तर साधं बिट सोडा, स्टेप बिट (पायऱ्या-पायऱ्यांचं निमुळतं बिट) वापरा, पत्र्यात ते अडकतच नाही म्हटलं तरी चालेल.

लांब पट्टी किंवा अँगल असेल तर अजून एक सोपी गोष्ट. जॉबचं लांब टोक तुमच्या डाव्या हाताला ठेवा आणि मशीनच्या खांबाला डावीकडून टेकवा. स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा, वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं, त्यामुळे जॉब अडकला तरी डावीकडचं टोक खांबावर जाऊन आदळतं आणि तिथेच थांबतं. तेच टोक उजवीकडे ठेवलं तर सरळ पोटाकडे येतं.

व्हाइस घेतला पण बोल्टच नाही मारला

ही चूक तर जवळपास प्रत्येक घरगुती वर्कशॉपमध्ये दिसते. १०० मिमीचा ड्रिल व्हाइस मशीनच्या टेबलावर नुसता ठेवलेला, जड आहे ना मग कशाला हलतोय, असं म्हणून. ६ मिमीपर्यंत एखादवेळ निभावतं, १० च्या वर व्हाइससकट जॉब फिरतो. टेबलाला खाचा असतात त्या त्याच्यासाठीच असतात, खालून मोठा वॉशर लावून दोन बोल्ट आवळा, वरून हाताने फिरवायचे नट लावले तर पाना पण शोधायला नको.

व्हाइस विकत घेताना हलता जबडा दोन बोटांनी वर उचलून बघा. खूप उचलला जात असेल तर आवळल्यावर जॉब एका बाजूने वर येणार आणि भोक तिरकं जाणार. हे फोटोत कळत नाही, म्हणून मी अजूनही ठाण्याला गाडी बदलून मशीद बंदरला उतरतो आणि नागदेवी स्ट्रीटवर हातात घेऊन बघतो, अर्धा दिवस जातो पण व्हाइस आयुष्यभर टिकतो. जबड्यात उभी आणि आडवी व्ही खाच असलेला घ्या, गोल पाईप नि रॉड त्यातच बसतात. आणि जॉबखाली सारख्या उंचीच्या दोन पट्ट्या ठेवायला विसरू नका, नाहीतर बिट जॉबमधून निघून थेट व्हाइसच्या तळात जातं. कित्येक जुन्या व्हाइसच्या तळाला चाळणीसारखी भोकं असतात, ती सगळी याच घाईची.

क्रॉस व्हाइस म्हणजे मिलिंग मशीन नव्हे

क्रॉस व्हाइसने जॉब दोन दिशांना सरकवता येतो, एका ओळीत भोकं पाडायला बरा आहे, तेवढंच त्याचं काम. पण लोक चकमध्ये एंड मिल (बाजूने कापणारं बिट) लावून खाच काढायला बघतात, आणि हे खरंच धोक्याचं आहे. ड्रिलचा चक टेपरवर, म्हणजे निमुळत्या दांड्यावर, नुसत्या घर्षणाने बसलेला असतो, त्याला दाब खालून वर मिळाला तर तो अजून घट्ट होतो, पण बाजूने दाब आला की हळूहळू सैल होत जातो आणि फिरता फिरता निसटून खाली पडतो. बेअरिंगही एवढ्या बाजूच्या दाबासाठी बनवलेली नसतात. सॅंडिंग ड्रम लावून लाकूड घासताना पण हेच लक्षात ठेवा, हलक्या हाताने घासायचं, जोर लावून नाही.

चक डुगडुगतो, बिट भोवऱ्यासारखं फिरतं

नवीन चक घ्यायला धावू नका. आधी चक काढा, टेपरचे दोन्ही भाग कोरड्या स्वच्छ कपड्याने पुसा, तेलाचा थेंब किंवा एखादी बारीक बर्र (धातूचा कीस) आत राहिली तरी चक वाकडा बसतो. तिथे ग्रीस बिलकुल लावायचं नाही, पकड घर्षणाचीच आहे. मग चकचे जबडे पूर्ण आत घ्या आणि लाकडी हातोडीने खालून एकच बरा ठोका द्या. एवढ्यावर निम्म्या तक्रारी जातात. तरी डुगडुगत असेल तर बिट वाकलंय का बघा, काचेवर लोळवून लगेच कळतं. खरोखर चक बदलायची वेळ आली तर जुना चक सोबत घेऊन जा, कारण १३ मिमी सगळ्यावर लिहिलेलं असतं पण मागचं बसवणं वेगळं असतं, कुणाचं बी१६ टेपर, कुणाचं जेटी६, आणि हॅंड ड्रिलच्या चकला तर आटे असतात, ते इथे बसतच नाहीत.

चक नीट आहे आणि भोक तरी तिरकं, मग टेबल बघा. चकमध्ये एक जाड तार एल आकारात वाकवून लावा, टोक टेबलाला जेमतेम टेकू द्या आणि प्लग काढून हाताने चक पूर्ण फिरवा. एका बाजूला टोक घासतंय आणि दुसऱ्या बाजूला फट पडतेय म्हणजे टेबल कललंय. गुण्या लावण्यापेक्षा हे जास्त भरवशाचं आहे.

महागडी बिटं जळतात, कारण बेल्ट तसाच

मशीनची स्पीड बेल्ट दुसऱ्या पुलीवर टाकून बदलायची असते, पण मशीन आणल्या दिवशी बेल्ट ज्या पुलीवर होता त्याच पुलीवर वर्षभर असतो. लोखंडासाठी, साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटला, माझा हिशोब असा की ८००० ला बिटच्या मिमीने भागायचं, म्हणजे १० मिमीला ८०० आरपीएम, ५ मिमीला १६००. स्टेनलेसला याच्या निम्म्याहून कमी, अ‍ॅल्युमिनियमला दुप्पट चालतं. स्टेनलेसमध्ये बिट नुसतं घासत ठेवलं की तिथला धातू अजून कडक होतो आणि मग कुठलंच बिट शिरत नाही, म्हणून कमी स्पीड, सलग दाब आणि तेल. बीड आणि पितळ कोरडंच, पितळात फक्त बिट ओढलं जातं म्हणून क्लॅम्प इथे अजून जास्त लागतो. होल सॉ (मोठं भोक कापणारी वाटीसारखी करवत) लावलीत तर मशीनची सगळ्यात कमी स्पीड, आणि तीही बऱ्याच छोट्या मशीनमध्ये मोठ्या होल सॉला जास्तच होते.

लाकूडकामाला एक फळी आणि एक फेन्स, बस

टेबलावर १८ मिमी प्लायची फळी बोल्टने बसवा, मधे बदलता येईल असा चौकोनी तुकडा ठेवा. जॉबच्या मागून लाकूड उचकटतं ते खाली आधार नसतो म्हणून, आणि तो तुकडा भोकांनी भरला की फेकून नवीन. मागे सरळ लाकडाची फेन्स, म्हणजे जॉब टेकवायची पट्टी, दोन क्लॅम्पनी. विकत आणायची गरज नाही, फक्त फेन्सच्या खालच्या कडेला २-३ मिमीची तिरकी खाच काढा, भुसा त्यात जातो. ही खाच नसली की भुसा कोपऱ्यात साचतो, जॉब फेन्सपासून अर्धा मिमी लांब राहतो आणि चौथ्या-पाचव्या भोकापासून माप चुकत जातं, माणूस तिकडे मेजर टेपला दोष देत बसतो.

याचा खरा फायदा कपाटाच्या ऑटो हिंजला. हिंजच्या वाटीचं (कपाचं) भोक ३५ मिमीचं, खोली साधारण १२-१३ मिमी, आणि दाराची कड ते भोकाची कड ५ मिमी सोडायची असेल तर फेन्सपासून बिटचं मधलं टोक २२.५ मिमीवर. एकदा सेट केलं की दहा दारं सारखी. पण डेप्थ स्टॉप (बिट किती खोल जावं ते अडवणारा नट) आधी टाकाऊ तुकड्यावर लावून बघा, १८ मिमीच्या दारात ५ मिमीच उरतात आणि फॉर्स्टनर बिटचं (सपाट तळाचं भोक पाडणारं बिट) मधलं टोक अजून पुढे असतं, नट नीट आवळला नसेल तर समोरच्या लॅमिनेटवर टिंब उमटतं आणि ते दार गेलंच.

उरलेलं, पण सोडू नका

हातमोजे घालून ड्रिल चालवू नका, बिटने मोजा पकडला तर बोटं सोबत जातात. बर्र ब्रशने काढा, हाताने नाही. चकची चावी दोरीने मशीनला बांधून ठेवतात तेही चूक, दोरी गुंडाळली जाते, त्यापेक्षा हेडवर मॅग्नेट लावा किंवा स्प्रिंगवाली चावी घ्या, ती चकमध्ये राहतच नाही. लेझरच्या पैशात नो-व्होल्ट स्विच बसवून घ्या, लाईट जाऊन परत आली की मशीन आपोआप सुरू होत नाही, आणि लेझरचं काम सेंटर पंच (भोकाच्या जागी खूण ठोकायचा टोकदार दांडा) त्याच्यापेक्षा चांगलं करतो. मशीन ज्या टेबलावर ठेवलंय त्याला बोल्ट करा, वजन सगळं वर असतं.

आणि आपल्याकडे खाडीचा वारा. जूनपासून टेबलावर, व्हाइसच्या जबड्यावर तपकिरी बुरशीसारखा गंज धरतो. पातळ स्प्रे आठवड्याभरात उडून जातो, त्यामुळे मी मेच्या शेवटी टेबल बारीक पॉलिश पेपरने घासून त्यावर मेणाचं पॉलिश चोळतो, खांबाला मशीन ऑइलचा हात, बिटं डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. मेण वाळल्यावर जॉब सरकतोही छान, फक्त त्यामुळे व्हाइसही छान सरकतो, तेव्हा बोल्ट आवळलाय का ते परत एकदा बघा.