बिटकॉइन मायनिंगला शेड देण्यापूर्वी विजेचा हिशेब कसा मांडावा

कुपवाड किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत रिकामी शेड असेल आणि तिच्यासाठी मायनिंगचा, म्हणजे बिटकॉइन हे आभासी चलन मिळवण्यासाठी गणिते करणारी संगणकी यंत्रे चालवण्याचा, प्रस्ताव आला, तर नफ्याचे कोष्टक बाजूला ठेवून आधी यंत्राच्या पाटीवरचे वॅट वाचावेत. अँटमायनर एस२१ हे यंत्र सुमारे ३,५०० वॅट ओढते, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १५ अँपिअर, आणि तेही अखंड. शक्य असल्यास असे एक यंत्र सबमीटरवर दिवसभर चालवून पाहावे. चोवीस तासांत ८४ युनिट पडतात; महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराची जवळपास महिन्याची वीज.

आता ३०० यंत्रे धरा. त्यांचा भार १,०५० किलोवॅट होतो, पंखे आणि इतर वापरासाठी दहा टक्के वाढवल्यास १,१५५ किलोवॅट, आणि ७२० तासांच्या महिन्यात ८,३१,६०० युनिट. एवढ्या भारासाठी उच्चदाब जोडणी, स्वतःचे रोहित्र आणि महावितरणची मंजुरी लागते, हे शेडमालकाने गृहीतच धरावे. ही वीज शेवटी उष्णता होऊन शेडमध्येच उतरते. मार्च ते मेमधल्या सांगलीच्या उन्हात पत्र्याखाली तिला बाहेर काढण्याची सोय कशी केली आहे, हे आराखड्यावर दाखवायला सांगावे.

उत्पन्नाची बाजूही स्वतः मांडावी. एप्रिल २०२४ पासून प्रत्येक ब्लॉकमागे, म्हणजे यंत्रांनी पक्क्या केलेल्या व्यवहारनोंदींच्या एका गठ्ठ्यामागे, ३.१२५ बिटकॉइन मिळतात आणि सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक तयार होतो, म्हणून जगभरच्या सगळ्या यंत्रांच्या वाट्याला दिवसाला साधारण ४५० नाणी येतात. यंत्राचा गणिते करण्याचा वेग टेराहॅशमध्ये मोजतात; हजार टेराहॅशचा एक पेटाहॅश आणि हजार पेटाहॅशचा एक एक्झाहॅश. प्रत्येकी २०० टेराहॅशची ३०० यंत्रे मिळून ६० पेटाहॅश होतात. जागतिक क्षमता १,००० एक्झाहॅश धरली, तर महिन्याचा वाटा ०.८१ नाणे. म्हणजे एका नाण्यामागे सुमारे १० लाख २७ हजार युनिट. युनिटला आठ रुपये दर मानल्यास निव्वळ विजेचे ८२ लाख रुपये. मागणी आकार, विद्युत शुल्क, भाडे आणि यंत्रांची किंमत यात नाही. हा आकडा त्या दिवशीच्या भावाशी ताडून पाहावा. जगात यंत्रे वाढली की दर २,०१६ ब्लॉकनंतर काठिण्य, म्हणजे ब्लॉक मिळवण्याची अवघडता, वाढते आणि तेवढीच वीज जाळून हाती कमी नाणी येतात. प्रस्तावातला वाटा वर्षभर तोच दाखवला असेल, तर तो कागद परत करावा.

‘कोयना शेजारीच आहे, वीज स्वस्त पडेल’ असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. कोयनेची वीज ग्रीडमध्ये जाते आणि महावितरणचा दर वीज नियामक आयोग ग्राहकवर्गानुसार ठरवतो, धरणापासूनच्या अंतरावरून नव्हे. शेतीपंपाच्या जोडणीवर यंत्रे लावण्याची कल्पना तर मुळीच ऐकू नये; विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली असा वापर अनधिकृत ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते.

कराचाही विचार याच कागदावर व्हावा. बिटकॉइनसारख्या आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातील उत्पन्नावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि मायनिंगच्या पायाभूत सुविधांचा खर्च खरेदी किमतीत धरून उत्पन्नातून वजा करता येणार नाही, असे केंद्र सरकारने त्याच वर्षी संसदेत स्पष्ट केले.

एवढे करूनही शेड द्यायचीच असेल, तर जोडणी भाडेकरूच्या नावावर घ्यावी आणि करारात भाड्याच्या अनामतीशिवाय किमान तीन महिन्यांच्या वीजबिलाएवढी वेगळी रक्कम आगाऊ लिहून घ्यावी.