नळीला सांधा घालण्यापूर्वीची तयारी

कोकणात बहुतेकांची विहीर खाली आगरात आणि नवी कलमे वर कातळावर असतात. त्यामुळे पावसाळा सरला की प्लास्टिकच्या नळ्या एकीला एक जोडत वर न्याव्या लागतात, आणि सांधा आवळायच्या, राहून गेलेल्या एका क्लिपेसाठी भर उन्हात पुन्हा खाली उतरण्याची पाळी येऊ नये म्हणून सगळी जुळवाजुळव पडवीतच पुरी करावी.

पहिले काम मापाचे. बागेची मऊ नळी दुकानात आतल्या व्यासावर मिळते, म्हणजे पाऊण इंची नळीचे भोक साधारण १९ मिलिमीटर भरते. काळी पॉलिथिलीनची नळी मात्र बाहेरच्या व्यासावर ओळखली जाते. २५ मिलिमीटर म्हणजे एक इंचच, असा हिशेब करून मी एकदा इंची जॉइंटर, म्हणजे दोन नळ्यांच्या तोंडांत आतून बसणारा जोडतुकडा, घेऊन आलो. तो नळीच्या तोंडाशीच अडला, कारण आतले भोक जेमतेम २० चे होते. तेव्हापासून दुकानात जाताना नळीचा बोटभर तुकडा खिशात असतो. दोन्ही टोके वेगळ्या मापांची असतील तर रिड्यूसर मागावा. कडक पांढऱ्या पीव्हीसी पाइपाचे सोल्यूशन काळ्या नळीला धरत नाही, तेव्हा ते घेण्यात अर्थ नाही.

क्लिपा स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात आणि पेचही त्याच धातूचा आहे ना, हे विचारून घ्यावे; पट्टी चकचकीत आणि पेच साधा लोखंडी असला तर खाऱ्या वाऱ्यात तो पेच गंजून जागच्या जागी धरतो. बांधायची तार नेऊ नये, ती मऊ नळीत रुतून तिला कापते.

नळी कापायला धारदार सुरी बरी; कोयतीचा घाव तिरका पडतो आणि तिरक्या तोंडातून पाणी झिरपतच राहते. जुनी नळी असेल तर टोकाचा कडक झालेला, तडकलेला भाग आधीच छाटून टाकावा. थर्मासमध्ये कढत पाणी भरून घ्यावे: मऊ नळीचे तोंड त्यात अर्धा मिनिट बुडवले की जॉइंटर शेवटच्या खाचेपर्यंत जातो. काडी पेटवून तोंड शेकू नये आणि तेलही लावू नये, कारण तेलाने चढलेली नळी तेलानेच सुटते. क्लिप मात्र आधी नळीवर सरकवून ठेवावी. सांगण्यासारखे नाही खरे, पण विसरायला होते.

सांधा कुठे येणार हेही घरीच ठरवावे. पाणी चढवायच्या उंचीच्या दर १० मीटरला खालच्या टोकाशी चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक किलो दाब वाढतो, म्हणून पंपाजवळचा सांधा सर्वांत आधी निसटतो. अखंड लांब तुकडा खालच्या बाजूला आणि जोड शक्यतो वर ठेवावेत. नळी गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, जाते तिथे जांभ्याच्या कडेवर ती घासते, त्या जागेसाठी गोणपाटाचा तुकडा बरोबर असावा. पेचकस मात्र घरी परत आणू नये, तो मांगरातच, म्हणजे बागेतल्या खोपटातच, ठेवावा, कारण तापलेल्या कातळावर नळी सैल पडते आणि चार दिवसांनी सगळ्या क्लिपा पुन्हा आवळाव्या लागतात.