बोडीतली बेशरम मृगाआधी मुळासकट काढा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत ज्यांच्या धानाच्या बांध्यांच्या (भातखाचरांच्या) वर स्वतःची बोडी, म्हणजे शेतातला छोटा तलाव, आहे, त्यांनी हा सल्ला वाचून आजच बोडीवर चक्कर मारावी. मृग 7-8 जूनला लागतो. त्याआधीच्या या पंधरा-वीस दिवसांतच बोडीचा तळ उघडा असतो आणि बेशरम या पाण्याकाठी माजणाऱ्या झुडपी तणाच्या मुळापर्यंत कुदळ पोहोचते. एकदा पाणी साचले की हे काम थेट पुढच्या मे महिन्यावर जाते.

गेली अनेक वर्षे मी एकच नुकसान पुन्हा पुन्हा पाहत आलो आहे. रोवणी वेळेवर होते, खतही वेळेवर पडते, धान निसवायला येतो आणि नेमका तेव्हा पाऊस ओढ देतो. तुडूम (बोडीतून पाणी सोडायचे दार) उघडावा तर बोडीत पाणी घोटाभर, कारण पाण्याची जागा गाळाने आणि बेशरमीने घेतलेली असते. लोंब्या पोचट राहतात आणि दोष मात्र बियाण्याला दिला जातो.

बेशरम कोयत्याने वरून छाटणे म्हणजे तिची लागवड करणे होय. मागच्या पावसाळ्यात एका बोडीच्या काठावर छाटलेला हातभर लांबीचा तुकडा चिखलात आडवा पडलेला मी उचलून पाहिला, तर त्याच्या प्रत्येक पेरावर पांढरी मुळे फुटलेली होती आणि दोन पेरांवर कोंबही आले होते. म्हणून बुंध्याभोवती खणून खोड मुळासकट उपटावे, तुकडे तळात किंवा पाळीवर (बोडीच्या बांधावर) न टाकता दूर कोरड्या जागी उन्हात वाळवावेत आणि पूर्ण वाळल्यावरच जाळावेत. पाला विषारी असतो, त्यामुळे शेळ्या त्या ढिगाकडे जाऊ देऊ नयेत. उपटलेल्या जागी पहिल्या दोन-तीन सरींनंतर पुन्हा फेरी मारावी. माती ओली झाल्यावर राहिलेली मुळे हाताने सहज निघतात, असा माझा अनुभव आहे.

दुकानदार या दिवसांत ग्लायफोसेट या तणनाशकाचे डबे पुढे करतात. ऑक्टोबर 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेने त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला, ही गोष्ट विकताना कोणी सांगत नाही. वाळलेल्या खोडाच्या बुडातून बेशरम पुन्हा फुटते, फवारा मात्र तळाच्या मातीत, बेडकांवर आणि माशांच्या खाद्यावर जातो. त्या पैशांत दोन मजूर लावावेत.

बेशरम निघाली की तळ मोकळा सोडू नये. तो आडवा-उभा नांगरावा. अर्जुनी मोरगाव तालुक्यात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या महिलांनी मामा (माजी मालगुजारी) तलावांमधून बेशरम मुळासकट काढून, तळ नांगरून, तिथे देशी पाणवनस्पती लावल्या आणि त्यानंतर मासे व पक्षी परतले. हाच क्रम बोडीलाही लागू पडतो. देवधान, कंदाची गाद आणि पाण्याखालचे गवत जवळच्या चांगल्या तलावातून आणून उथळ काठाला लावावे. अमेरिकेत सॅक्रामेंटो खोऱ्यात बदकांच्या शिकारीसाठी खासगी पाणथळी राखणारे जमीनमालकही असेच करतात. ते वसंतात पाणी हळूहळू उतरवतात, गरजेप्रमाणे तळ डिस्कने (तव्याच्या नांगराने) फोडतात, सावा आणि तत्सम गवतांना बी धरू देतात आणि शरदात वीतभर पाणी सोडतात. पृष्ठभागावर चरणारी बदके 10 ते 25 सेंटिमीटर खोलीत सर्वांत चांगली चरतात. गाळ काढताना हे ध्यानात ठेवावे. यंत्रवाला मधोमध सरळ भिंतीचा खड्डा करून मोकळा होतो. त्यात पाणी साठते, पण काठाला ना गाद टिकते ना पक्षी. खोली तुडुमाच्या बाजूला द्यावी आणि वरचा उतार मंद ठेवावा.

इतर कामे:
– पाळीतली उंदरांची व खेकड्यांची बिळे चिकणमातीने ठोकून बुजवणे.
– सलंग (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) मोकळी करणे, तिथले दगड नीट बसवणे.
– तुडुमाची गळती पाहणे.
– काढलेला गाळ बांध्यांत पसरणे.

मासे सोडायचे असल्यास चुना हेक्टरी 200 ते 250 किलो द्यावा. नको असलेले मासे मारण्यासाठी मोहाच्या पेंडीची शिफारस हेक्टरी 2,500 किलोंची आहे, पण ती शिंगी आणि मरळ या देशी माशांनाही मारते. कोरड्या झालेल्या बोडीत तिची गरजच नसते. बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्ले) हेक्टरी 5,000 आणि कटला, रोहू, मृगळ यांचे प्रमाण 4:3:3 असे सांगितले जाते. बोडीत पाणी सहा-सात महिनेच टिकते, म्हणून मी संख्या निम्मी ठेवतो आणि बोटुकली मोठी घेतो. बीज विकायला येणाऱ्याने गवत्या (ग्रास कार्प) आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) हे मासे फुकट दिले तरी घेऊ नयेत. पहिला लावलेली पाणवनस्पती खातो, दुसरा चिखल उकरून ती मुळातून उखडतो, आणि वर्षभराची मेहनत एका हंगामात जाते.

हिवाळ्यात तलवार बदके आणि चक्रवाक उतरतात, अडई बदके तर इथलीच. मालगुजारीच्या (इंग्रजांच्या वेळच्या जमीनदारीच्या) काळात त्यांची शिकार चालत असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 मध्ये दुरुस्ती झाल्यापासून शिकारीचे परवाने बंद आहेत आणि बोडी स्वतःच्या मालकीची असली तरी बदक मारणे गुन्हाच आहे. कोणी विष लावलेले दाणे काठावर टाकताना दिसल्यास वनविभागाला लगेच कळवावे, कारण तेच पाणी आपली गुरे पितात. धान कापल्यावर उरलेले पाणी मोटार लावून उपसू नये, काठाला वीतभर पाणी फेब्रुवारीअखेरपर्यंत राहू द्यावे. संध्याकाळी अडई ज्या कोपऱ्यात रोज उतरते, तिथे तळ मऊ आणि कंद भरपूर असतात, असे मला दिसत आले आहे. पुढच्या वर्षीची लागवड त्या कोपऱ्यातल्या रोपांपासूनच करावी.