सोलापूरच्या रस्त्यांवर बीवायडी सीलला फोर्ज्ड रिम बसवायचेत? आधी हे मोजा

पहिलीच गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना नुसतं दिसण्यासाठी रिम पाहिजेत ते इथूनच परत जातील. १९ इंचाच्या रिमचं २० इंच करू नका. सील ही बीवायडीची इलेक्ट्रिक सेडान, तिच्या परफॉर्मन्स मॉडेलला कंपनीकडून २३५/४५ आर१९ टायर येतो, म्हणजे साईडवॉल, रिम आणि रस्त्यामधली रबराची भिंत, साधारण १०६ मिलिमीटर. २० इंचावर २४५/४० घातला की ती ९८ वर येते. आठ मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण पावसाळ्यात रात्री जुना पुणे नाका ते सात रस्ता एक फेरी मारून या, पाईपलाईनसाठी खोदलेलं कुठं बुजवलंय आणि कुठं नुसता मुरूम टाकून सोडलंय ते पाण्याखाली दिसतच नाही, आणि उसाच्या सीझनला मोहोळकडं ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा खाल्लेल्या असतात त्या वेगळ्याच.

मग फोर्ज्ड कशाला घ्यायचे? तर याच रस्त्यांसाठी. साधा अलॉय म्हणजे वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतलेलं, इडलीसारखं. फोर्ज्ड म्हणजे ॲल्युमिनियमचा अख्खा ठोकळा गरम करून हजारो टनांच्या प्रेसखाली दाबलेला आणि मग मशीनवर कोरलेला, बहुतेक वेळा ६०६१-टी६ ग्रेडचा. दाबल्यामुळं धातू आतून घट्ट होतो, त्यामुळं कमी मटेरियलमध्ये तेवढीच ताकद मिळते आणि खड्ड्यात आपटला तर सहसा तडकत नाही, वाकतो. वाकलेला रिम निदान हळूहळू घरी आणतो, तडकलेला सावळेश्वर टोलच्या अलीकडंच बसवून ठेवतो, आणि बऱ्याच ईव्हीत स्टेपनी नसते हे विसरू नका.

वजनाचं म्हणाल तर एका चाकामागं साधारण दोन-तीन किलो वाचतात. ५३० हॉर्सपॉवरच्या, जवळपास २२०० किलोच्या गाडीला त्यानं ०-१०० मध्ये काय फरक पडणार, कंपनी ३.८ सेकंद सांगते ते तेवढंच राहणार. फरक कळतो तो स्पीडब्रेकर आणि खराब पॅचवर, कारण स्प्रिंगच्या खालचं वजन कमी झालं की चाक रस्त्याला चिकटून राहतं आणि धक्का कमी येतो. रेंजसाठी घेत असाल तर नका घेऊ. उलट कंपनीचे बंद-बंद डिझाईनचे रिम हवा चांगली कापतात, उघड्या स्पोकचे त्याहून वाईट.

अजून एक, बाजारात फोर्ज्ड म्हणून विकले जाणारे बरेच रिम फ्लो फॉर्म्ड असतात. म्हणजे मधला भाग ओतलेला आणि बाहेरचं बॅरल फक्त रोलरनं दाबून ताणलेलं. वाईट नसतात, पण फोर्ज्डच्या भावानं का घ्यायचे? दुकानदाराला सरळ विचारा, रिम काट्यावर ठेवायला लावा, आणि मागच्या बाजूला लोड रेटिंग, म्हणजे एक रिम किती किलो पेलतो तो आकडा, कोरलंय का बघा. जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे जपानी चाचणीचे मार्क असले तर बरं, पण नुसते मार्क बघून भुलू नका, ते कोणीही कोरतं.

लोड रेटिंग हाच ईव्हीचा खरा मुद्दा आहे आणि तोच कोणी विचारत नाही. पेट्रोल सेडानसाठी बनवलेला रिम ५५०-६०० किलोचा असू शकतो. सीलमध्ये पाच माणसं आणि तुळजापूरला जायचं सामान भरलं की २६०० च्या आसपास जाते, चार चाकांवर भागलं तर ६५०, आणि भार चारी चाकांवर सारखा कधीच नसतो, ब्रेक मारला की सगळा पुढं येतो. दरवाज्याजवळच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये ॲक्सल लोड, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या जोडीवरचा भार, शोधा, त्यातला मोठा आकडा घ्या, निम्मा करा, आणि रिम त्याच्या बऱ्यापैकी वर असू द्या. मी ७५० किलोच्या खाली घेणारच नाही. टायरचंही तेच. टायरवरचा लोड इंडेक्स ९९ म्हणजे ७७५ किलो, ९५ म्हणजे ६९०. ऑफरमध्ये स्वस्त मिळतोय म्हणून ९५ घालू नका.

आता मापं. पीसीडी म्हणजे चाकाचे स्टड ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. सीलचा ५ बाय १२० आहे, पाच स्टड आणि १२० मिलिमीटर. ऑनलाईन ईव्ही रिम म्हणून जे दिसतात त्यातले बरेच टेस्ला मॉडेल ३ साठी असतात, त्यांचा पीसीडी ५ बाय ११४.३. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात, पण सीलच्या हबवर, म्हणजे चाक जिथं टेकतं त्या भागावर, बसणार नाहीत. ॲडॅप्टर लावून देतो म्हणणारे भेटतील, एवढ्या जड आणि एवढ्या टॉर्कच्या गाडीला त्या भानगडीत पडू नका. घरी तपासायचं तर शेजारच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत व्हर्निअरनं मोजा आणि १.७०१ नं गुणा. ७०.५ आलं की १२०, ६७.२ आलं की ११४.३. मध्य अचूक सापडत नाही ना, मग एका स्टडच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, तेच येतं. टेपनं मोजत बसू नका, इथं तीन मिलिमीटरचाच खेळ आहे.

सेंटर बोर म्हणजे मधलं भोक. रिमचं भोक हबच्या ओठावर घट्ट बसलं पाहिजे. मोठं असेल तर मध्ये रिंग येते, ती ॲल्युमिनियमची घ्या. प्लॅस्टिकची आपल्या मे महिन्यात, ४२-४३ डिग्रीत आणि त्यात ब्रेकची उष्णता, किती दिवस टिकणार ते तुम्हीच बघा. ऑर्डर देऊन बनवताय तर रिंगची गरजच ठेवू नका, बोर हबच्या मापाचाच मागा.

ऑफसेट म्हणजे हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे ते, रिमवर ईटी म्हणून लिहितात. इथं हिशोब लागतो. समजा आत्ताचा रिम ८.५ इंच रुंद आणि ईटी ४० आहे, तुम्हाला ९.५ इंची ईटी ३५ आवडला. रुंदी एक इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूला १२.७ मिलिमीटर. ईटी ५ नं कमी झाला म्हणजे अख्खा रिम ५ मिलिमीटर बाहेर सरकला. बाहेरच्या बाजूला एकूण १७.७ वाढले, आत सस्पेंशनकडं ७.७ वाढले. आता गाडीखाली वाकून बघा, आत तेवढी जागा आहे का आणि बाहेर टायर फेंडरच्या पुढं येतोय का. आला तर चिखल दारावर, दगड मागच्याच्या काचेवर आणि पोलीस तुमच्याकडं. सरळ मार्ग म्हणजे कंपनीच्या रिमच्या मागं कोरलेली रुंदी आणि ईटी वाचा, तेच सांगा, फार तर अर्धा इंच रुंद.

खराब रस्त्यावर रोजचं येणं-जाणं असेल तर १८ इंचाचाही विचार करा. २३५/५० आर१८ चा व्यास ६९२ मिलिमीटर येतो आणि मूळ १९ चा ६९४, म्हणजे स्पीडोमीटरला कळणार पण नाही आणि साईडवॉल ११७ ची मिळते. फक्त परफॉर्मन्सचे ब्रेक मोठे आहेत, रिम बनवणाऱ्याकडून ब्रेक कॅलिपरचा कागदी टेम्प्लेट मागवून हबवर फिरवून बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. आणि ऑल व्हील ड्राईव्ह आहे, पुढं-मागं टायरचा व्यास वेगवेगळा ठेवून गंमत करू नका.

टायर चढवायला लिव्हरलेस मशीन असलेलं दुकान बघा. आधी फोन करून विचारा, "अण्णा, लोखंडी पट्टीनं उचलता का मशीन स्वतः उचलतं?" पट्टीनं म्हणाले तर नमस्कार करून फोन ठेवून द्या. टायरची हवा मोजणारा टीपीएमएस सेन्सर जुन्या रिममधून काढून नव्यात टाका, त्याचं रबरी सील नवीन टाका, आणि सेन्सर व्हॉल्व्हजवळच असतो हे त्या पोराला टायर काढायच्या आधी सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. रिम फरशीवर ठेवायचेच असतील तर खाली जुनी चादर टाका, सोलापुरात चादरीची काय कमतरता. बॅलन्सिंगची वजनं आतल्या बाजूला चिकटवायची, कडेला ठोकायची नाहीत.

गाडी उचलताना मात्र डोकं जाग्यावर ठेवा. सीलमध्ये बॅटरीचं वरचं झाकणच केबिनचा तळ आहे, म्हणजे गाडीखाली सगळी बॅटरीच, मध्ये कुठंही जॅक लावला तर सरळ बॅटरीला. जॅकच्या ठरलेल्या चार जागाच वापरा, मध्ये रबराचा ठोकळा ठेवा, नेहमीच्या पंक्चरवाल्याला हे माहीत असेलच असं नाही, तो सवयीनं कुठंही सरकवतो म्हणून स्वतः बाजूला उभे राहा. गाडी पार्कमध्ये, पूर्ण बंद, जमिनीवरच्या चाकांना पाचर लावलेली, किल्ली खिशात घेऊन गाडीजवळ घुटमळायचं नाही.

जुना रिम काढला की हबचा चेहरा तारेच्या ब्रशनं घासा. गंज किंवा खडा राहिला की रिम वाकडा बसतो आणि मग ८०-१०० च्या स्पीडला स्टिअरिंग थरथरतं, लोक बॅलन्सिंगवाल्याला शिव्या घालतात. नटाची बैठक बघा, कोनाची आहे का गोल, रिम कोनाचा आणि नट गोल असं झालं तर नट घट्ट वाटतो पण टेकलेला असतो एका रेघेवर. नट आधी हातानं फिरवा, तीन-चार आटे हातानं गेले पाहिजेत, मग गोटी पान्यानं चांदणीच्या क्रमानं, मग गाडी खाली टेकवून टॉर्क रेंचनं मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर. एअर गननं शेवट करायचा नाही. आट्यांना ग्रीस लावू नका, ग्रीस लावलं की त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. टेस्ला मॉडेल ३ चा आकडा १७५ न्यूटन मीटर आहे म्हणून तुमच्या गाडीलाही तोच असं काही नसतं.

मग स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा. नंतर मागं दोन-तीन वजनदार मित्र बसवून होटगी रोडवर एखादा मोठा स्पीडब्रेकर तिरका घ्या आणि लायनरला, म्हणजे चाकाच्या वरच्या प्लॅस्टिकला, टायर घासल्याचा आवाज येतो का ऐका. ८०-१०० किलोमीटर झाले की, म्हणजे पंढरपूरला जाऊन आलात की झालेच, चारी चाकं थंड असताना परत टॉर्क रेंच लावा. हवा सकाळी भरा, दरवाज्यावरच्या स्टिकरप्रमाणं. दर पाच-सहा डिग्रीला साधारण एक पीएसआय वाढतो, दुपारी तापलेल्या टायरमधून हवा कमी केली तर सकाळी चाक मऊ.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून वेगळे बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलंय, त्यामुळं साईज शक्यतो तीच आणि टायर फेंडरच्या आत, यातच शहाणपण, वर सांगितलेल्या १८ इंचाचा विचार करतानाही हे धरा. इन्शुरन्सवाल्याला बिलासकट मेल करा आणि पॉलिसीत नोंद करून घ्या, नाहीतर चोरीला गेले तर कंपनीच्या रिमचेच पैसे मिळतील.

धुताना ॲसिडवालं क्लीनर नको, आणि बोअरचं पाणी वापरत असाल तर लगेच कापडानं पुसा, आपल्याकडचं पाणी जड आहे, काळ्या रिमवर पांढरे डाग बसले की निघत नाहीत. कंपनीचे रिम विकू नका. वॉरंटीचा काही वाद निघाला तर सर्व्हिस सेंटरला जाताना तेच लावून जायला लागतील.