एका सोलापुरी चादरीत कॅम्परच्या दोन गाद्यांच्या खोळी

कॅम्पर व्हॅनच्या बाकावरच्या गादीचा तळ कोणाला दिसत नाही आणि मागची बाजू भिंतीला टेकलेली असते. तिथेही सोफ्याचं भारी कापड लावायचं म्हणजे निम्मे पैसे वाया घालवणं. तळाला आणि मागच्या चेनच्या पट्टीला जाड मांजरपाट किंवा न झिजलेली जुनी सुती बेडशीट लावा. ती स्वस्त तर पडतेच, पण गादीसाठी जास्त चांगलीही असते. झोपलेल्या माणसाच्या घामाची वाफ फोममधून खाली उतरते आणि थंड प्लायवर तिचं पाणी होतं. तळाला रेक्झिन असेल तर ही ओल आतच कोंडते. पावसाळ्यात कोकणात चार रात्री काढल्या की फोमला बुरशीचा वास येतो, तो यामुळेच.

उदाहरणादाखल ट्रॅव्हलर व्हॅनमधले समोरासमोरचे दोन बाक घेऊ. प्रत्येक गादी 72 बाय 22 इंच, फोम 4 इंच जाड. माप फोमचं घ्या, जुन्या खोळीचं नको, कारण ती ताणून सैल झालेली असते. चाकाच्या उंचवट्यामुळे फोमला खाच असेल तर वर्तमानपत्रावर ठेवून आखून घ्या आणि कागदावर 'वर', 'डावी', 'उजवी' लिहा. ते राहिलं की एक खोळ हमखास उलटी कापली जाते.

प्रत्येक कडेला अर्धा इंच मार्जिन धरून एका गादीला लागतं ते असं: वरचा तुकडा 73 बाय 23, तळ तेवढाच, बाजूची पट्टी 109 बाय 5, आणि चेनसाठी 81 बाय 3 च्या दोन पट्ट्या. चेनची पट्टी मागची पूर्ण बाजू घेऊन दोन्ही कोपऱ्यांवरून 4-4 इंच पुढे वळते. एवढं तोंड उघडलं तरच 6 फुटी फोम आत जातो.

वरच्या बाजूला सोलापुरी चादर उत्तम. ती जाड असते, धुता येते आणि नक्षी तयारच मिळते. 60 बाय 90 इंचांच्या एका चादरीत दोन्ही गाद्यांचे वरचे तुकडे शेजारी शेजारी बसतात. उरलेल्या 14 इंची उभ्या भागातून 5 इंची दोन लांब पट्ट्या निघतात, आणि खालच्या तुकड्यातून 46 इंचांच्या आणखी दोन. प्रत्येकी एक लांब आणि एक आखूड जोडली की बाजूची पट्टी पुरते. लांब पट्टी पूर्ण लांबीची ठेवा, म्हणजे जोड पुढच्या कोपऱ्याजवळ येईल. चादर आणि तळाचं कापड दोन्ही आधी धुऊन वाळवा आणि मगच मोजा. एक आटलं, दुसरं नाही, तर पहिल्या धुण्यात खोळ पिळवटते. चादरीची वीण सैल असते, म्हणून कापल्या कापल्या कडांना इंटरलॉक किंवा झिगझॅग करा. मशीन साधी सरळ टिपेची असेल तर कडेलगत दोन ओळी मारा, नाहीतर शिवेपर्यंत मार्जिन धाग्यांत निघून जाईल.

सुई 16 नंबरची, तीन थर जाड होत असतील तिथे 18. धागा पॉलिस्टरचा, टीप 3 ते 3.5 मिलिमीटर. चेन 5 नंबरची नायलॉनची, मीटरवर मिळते ती, रनर वेगळा घेऊन. धातूची चेन समुद्राच्या खाऱ्या हवेत अडकायला लागते.

चेनच्या दोन पट्ट्या अर्ध्या इंचावर लांब टिपेने जोडा, शिवण उघडून इस्त्री करा, मागून मधोमध चेन उलटी ठेवून दोन्ही बाजूंनी शिवा आणि मग मधली टीप उसवा. रनर आत्ताच घाला. आता बाजूची पट्टी तिला दोन्ही टोकांना जोडून गोल पूर्ण करा. हा घेर 188 इंच भरला पाहिजे. इथे अर्धा इंच चुकला तर पुढे कोपऱ्यात चुण्या पडणारच.

घेर वरच्या तुकड्याला लावताना प्रत्येक कोपऱ्याच्या अर्धा इंच अलीकडे थांबा, सुई खाली ठेवून पट्टीला, फक्त पट्टीलाच, टिपेच्या 3 मिलिमीटर अलीकडेपर्यंत कातरी मारा आणि कापड वळवा. वरची बाजू झाली की सगळ्यांत महत्त्वाचं काम: प्रत्येक कोपऱ्यापासून पट्टीवर सरळ रेघ खाली आणून मोकळ्या कडेला खडूची खूण करा. तळाचे कोपरे याच खुणांवर टाचा. खुणा न करता तळ अंदाजाने लावला की खालचा कोपरा वरच्यापासून इंचभर सरकतो आणि गादी कायम पिळलेली दिसते. ते नंतर ओढून सरळ होत नाही, उसवावंच लागतं. तळ शिवण्याआधी चेन वीतभर उघडी ठेवा, नाहीतर खोळ उलटवायला वाटच राहत नाही.

पाईपिंगचा, म्हणजे शिवणीत दोरी भरून केलेल्या जाड किनारीचा, मोह टाळा. तिरक्या पट्ट्यांना कापड जातं आणि रात्री बाक जोडून झोपल्यावर ती पाठीला रुतते.

फोमवर पातळ प्लास्टिक गुंडाळा, घडी घालून आत सरकवा, कोपऱ्यांपर्यंत पोचल्यावर प्लास्टिक ओढून काढा. कोपरे पोकळ राहिले तर फोमचे छाटलेले तुकडे भरा. पृष्ठभागावर सुरकुत्या असतील तर खोळ मोठी झाली आहे. तळाच्या दोन लांब कडांना आतून पाव-पाव इंच दाबून पुन्हा टीप मारा.